घडीच्या मधोमधलं भोक

निजामाच्या राज्यात मी औरंगाबादच्या एका कचेरीत नकलनवीस होतो. जुन्या फैसल्यांच्या नकला शिक्क्यानिशी करून द्यायच्या आणि लोकांनी त्या घेऊन दुसऱ्या कचेरीत भांडायला जायचं, असं ते काम. शाळा माझी उर्दूतून झालेली, घरात मराठी, आणि नोकरी धुळीतली. शहागंजात कुणी विचारलं, काय करता, तर मी सांगायचो, धूळ खातो. ते हसायचे. मी काही गंमत करत नव्हतो.

आमच्या दफ्तरखान्यात दोन जातीचे कागद होते. एक जुना, कागजीपुऱ्यात हातानं केलेला. जाडाभरडा, मळकट, पण कसाही दुमडा, बोळा करा, परत सरळ करा, त्याला काही व्हायचं नाही. दुसरा गिरणीचा. आला तेव्हा पांढराशुभ्र, गुळगुळीत, सगळ्यांना त्याचं कोण कौतुक! काही वर्षांत तो चहासारखा झाला आणि उलगडायला गेलं की भाजलेल्या पापडासारखा मोडायला लागला. कागद बदलला, पण आमची रीत तीच राहिली. प्रत्येक कागदाची चौपदरी घडी, त्यांचा गठ्ठा लाल कापडात, वर करकचून गाठ, असा बस्ता. पावसाळा सरला की सगळे बस्ते गच्चीवर नेऊन कागदांना ऊन दाखवायचं. तपासणीला येणारे साहेब गाठी चाचपून बघायचे. गाठ घट्ट असली की खूश.

मुहाफिजसाहेब, म्हणजे दफ्तरखान्याचे मुख्य, तेवढे यात वेगळे होते. दम्याचे पेशंट, तोंडात कायम पान. त्यांचं म्हणणं, या गिरणीच्या कागदाच्या पोटातच तेजाब, म्हणजे आम्ल, आहे, तो आतून जळतोय, वरून तुम्ही त्याला उन्हात भाजताय. मला म्हणायचे, वास घेऊन बघ. खरंच आंबूस वास यायचा. कागजीपुऱ्याचे कारागीर लगदा चुन्यात भिजवतात हे त्यांनी पाहिलेलं, म्हणून तेही चुन्याची निवळी करून आधी एखाद्या तुकड्यावर लावून बघायचे, शाई टिकली तर मग कागदावर फिरवायचे. मागून मलमलीचं फडकं खळीनं चिकटवायचं. एवढं करून दिवसाकाठी किती कागद होणार? मागं भिंतभर बस्ते. मला तर त्या भिंतीकडं बघूनच थकवा यायचा.

त्यांचा आणखी एक हट्ट होता. बस्ता सोडला की खाली जो चुरा पडतो तो झाडायचा नाही. गोळा करून त्याची पुडी बांधायची आणि त्याच बस्त्यात ठेवायची. दिवसभर मान मोडून लिहायचं आणि संध्याकाळी कागदाचे कण वेचायचे. या कामाचा मला मनापासून वीट आला होता. घरी बायको म्हणायची, तुमच्या सदऱ्याच्या बाह्या झटकल्या तरी एक फैसला पडेल.

आता एका म्हातारबाबांचं सांगतो. देवगाव रंगारीहून आले होते, बैलगाडीनं लासूर स्टेशनपर्यंत आणि तिथून रेल्वेनं. जातीचे रंगारी. कोपरापर्यंत हात निळे, नखं तर काळीच म्हणा. त्यांच्या घराण्याची एक विहीर होती, तिच्यात यांचा निम्मा वाटा. चुलतभावानं पाणी बंद केलं होतं. म्हणे तुमचा वाटाबिटा काही नाही, आजवर आम्ही दयेनं भरू दिलं. रंगाऱ्याला पाणी नाही म्हणजे धंदाच बसला. रंगवलेलं कापड धुवायचं कुठं? बाबांच्या वडलांच्या वेळी याच विहिरीवरून फैसला झाला होता, आणि त्यात वाटा लिहिलेला होता. कोर्टातल्या मुन्सफानं सांगितलं, नक्कल आणा, मग बघू.

बस्ता सापडला. फैसला सापडला. गिरणीचा कागद, चौपदरी घडी. मी नुसता हात लावला आणि कडेचा कपटा गळाला. मुहाफिजसाहेबांनी माझा हात धरला. मग पत्र्याची पेटी, तळाला ओलं फडकं, त्यावर चाळणी, चाळणीत कागद, आणि झाकण बंद. वाफसा धरून कागद मऊ पडेपर्यंत थांबायचं. बाबा ओसरीवर बसून होते. निळे हात बघून मुहाफिजसाहेबांनी त्यांना टेबलाजवळ येऊ दिलं नाही. बाबांना त्याचा राग आला नाही. ओल्या रंगाच्या कापडाजवळ आम्हीबी कुणाला येऊ देत नाय, म्हणाले.

कागद उलगडला तर चार तुकडे, आणि जिथं दोन घड्या एकमेकींना छेदतात तिथं मधोमध भोक. वाचायला घेतलं. विहिरीचं नाव होतं, बाबांच्या वडलांचं नाव होतं, आणि वाट्याच्या ठिकाणी भोक. नेमकं तिथंच! मी कपाळावर हात मारून घेतला.

नकलनविसाचा नियम असा, की जे दिसतं तेवढंच लिहायचं. गेलेल्या जागी 'करमखुर्दा' लिहायचं, म्हणजे किड्यानं खाल्लेलं. किडा असो नसो, आमच्याकडं तेवढा एकच शब्द होता. मी बाहेर जाऊन बाबांना ते समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, “निम्मा हाय हे मला ठावं, तुम्हाला बी आता ठावं. मग लिहा की निम्मा.”

“नाही लिहिता येत, बाबा.”

बाबा निळे हात मांडीवर ठेवून बसून राहिले. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. त्या नियमाची आणि स्वतःची त्या वेळी फार चीड आली.

आत आलो तर मुहाफिजसाहेब त्या बस्त्याची पुडी सोडून बसले होते. इतक्या वर्षांत कुणीकुणी वेचलेला चुरा त्यांनी पितळी ताटात ओतला. पंखा ओढणाऱ्याला थांबवलं. खोकला आला तर कण उडतील म्हणून तोंडाला रुमाल बांधला. उन्हाळ्याचे दिवस, घाम नाकावरून ओघळायचा आणि तो ताटात पडू नये म्हणून मान मागं घ्यायची. एकेक कण चिमट्यानं उचलायचा, भोकाला लावायचा, नाही बसला की बाजूला ठेवायचा. ते दमले की मी, मी दमलो की ते. अंधार पडला की ताट झाकून घरी जायचं आणि सकाळी परत तेच. माझे डोळे चुरचुरायचे. मनात म्हणायचो, देवा, या कागदाला एकदा वाळवीच लागू दे, सुटलो.

आणि एके दुपारी बसला. नखापेक्षा लहान कपटा. भोकाच्या कडेला अर्धं अक्षर उरलं होतं, त्याचा उरलेला अर्धा भाग कपट्यावर होता. शब्द होता 'निस्फ'. निस्फ म्हणजे निम्मा. मुहाफिजसाहेबांनी रुमाल सोडला आणि पोटभर खोकून घेतलं. मला रडू आलं. कशाचं आलं कुणास ठाऊक, थकव्याचंच असेल.

फैसला मलमलीवर चढवला, सपाट, घडी न घालता. मग मी नक्कल लिहिली. तीही गिरणीच्याच छापील कागदावर, दुसरा कागद सरकारला चालत नव्हता. पण लिहिताना मी ओळी अशा घेतल्या, की 'निस्फ' मधोमध येऊच नये. वरच्या अंगाला आणला. स्वतःच्या हुशारीवर खूश झालो. बाबांना बजावून सांगितलं, लई जपून ठेवा. व्हय व्हय करत ते गेले.

खटला लांबला. पुढच्या उन्हाळ्याच्याही पुढं गेला. मग एक दिवस बाबा दारात हजर. निकाल त्यांच्या बाजूनं लागला होता, पाण्याची निम्मी पाळी परत मिळाली होती. चेहरा नुसता फुलला होता. पण चुलतभाऊ वरच्या कचेरीत गेला होता, तिथं नक्कल पुन्हा लागणार होती. बाबांनी कमरेची चंची काढली. पान, सुपारी, चुन्याची डबी, आणि सगळ्यांच्या खाली आठपदरी घडी घातलेली माझी नक्कल. घामानं पिवळी पडलेली.

मी म्हटलं, “बाबा, जपून ठेवा म्हटलं होतं ना?”

“जपूनच ठेवली की, साहेब. कापडाची घडी मोडली की त्याची किंमत जाती. मुन्सफानं उघडली, वकिलानं उघडली, पण दर खेपी म्या तीच घडी, त्याच रेघंवर परत घातली. येक डाव बी वाकडी होऊ दिली नाय.”

अभिमानानं सांगत होते. मी नक्कल हळूच उलगडली आणि खिडकीकडं धरली. आठ पदरांच्या घडीत वरच्या अंगालाही दोन रेघा एकमेकींना छेदत होत्या. तिथून उजेड येत होता.

बाबांना अक्षर येत नव्हतं. ते माझ्या तोंडाकडं बघून हसत उभे होते. मुहाफिजसाहेबांनी जागेवरूनच पाहिलं, चष्मा काढून पुसला आणि बस्त्यातून तो सपाट ठेवलेला फैसला काढायला लागले. मी कोरा कागद पुढं ओढला.