आई रोज "एकही फोटो नाही" वाचत होती

भिया लोग, विजय नगरच्या ऑफिसात मी दिवसभर वेबसाइटी बनवतो. आज माझीच चूक राजेंद्र नगरला आईशेजारी बसून बघितली.

दादा कॅनडात असतो. त्याच्या मुलीचे फोटो आईला बघता यावेत म्हणून मी एक छोटी वेबसाइट बनवून दिली होती. आज जेवण झाल्यावर आईने ती उघडली, "एकही फोटो नाही" वाचलं आणि लगेच बंद केली.

"चार महिन्यांपासून रोजचंच आहे. तुझ्या दादाला फोटो टाकायला टाइम नसेल मिळत बिचाऱ्याला."

मी परत उघडली आणि थांबलो. दहा सेकंदांनी फोटोच फोटो!

सर्व्हरवरून डेटा येईपर्यंत फोटोंची यादी रिकामी असते. तेवढा वेळ "फोटो येताहेत" दाखवायचं मी विसरलो होतो, म्हणून पानावरचा फोटो दाखवणारा भाग, कंपोनंट, सरळ "नाही" सांगून मोकळा व्हायचा. ऑफिसच्या फास्ट नेटवर मला ते कधी दिसलंच नाही.

तिथेच बसून दुरुस्त केलं. नातीचा फोटो बोटांनी मोठा करत आई म्हणाली, "अरे, थांब म्हणाला असतास तर थांबले असते ना मी."

अजून कुणाकुणाला आपण थांबायला सांगायचं विसरलोय, भिया?