पॅनेलमागचा क्रूस

हे मी पत्नीलाही सांगितलेले नाही. चर्चच्या पाळकांसमोर एकदा ओठांपर्यंत आले होते, तेही गिळले. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि हाही भित्रेपणाच आहे, हे मला कळते.

निघोज्याजवळ, पत्र्याचे सुटे भाग बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी शिफ्टचा सुपरवायझर होतो. खंडेनवमीला तिथे प्रत्येक यंत्राला हार घालत, हळदकुंकू लावत. मी बाजूला उभा राही. पत्रा दाबणाऱ्या मोठ्या प्रेसवरचा ऑपरेटर दत्ता, बीडकडचा, मुद्दाम पेढा पुढे करी. "घ्या की साहेब, तुमचा येशू काय रागावतोय व्हय?" सगळे हसत. मी पेढा घेई आणि मनात म्हणे — बिचारे! लोखंडाला हात जोडतात. आमचा भरवसा जिवंत देवावर. एरवी चारचौघांत मला बोलता येत नाही; पण थेरगावच्या आमच्या मंडळीत या एका विषयावर मला कंठ फुटत असे.

किळस येते मला त्या कंठाची.

हात आत असताना प्रेस खाली येऊ नये, म्हणून तिला एक सेन्सर होता. तो दगा देऊ लागला. "साहेब, सेन्सर मधीच झोपतोय बगा. आज हात थोडक्यात वाचला," दत्ता म्हणाला. करायचे काय होते? प्रेस थांबवायची आणि मॅनेजरला तसे सांगायचे. एवढेच! पण माल अडला की मॅनेजर सर्वांदेखत ओरडत. त्या ओरडण्याला मी भीत होतो.

मग मी काय केले? जेवणाच्या सुट्टीत, कुणी नसताना, खिशातला लाकडी क्रूस प्रेसच्या पॅनेलमागे चिकटपट्टीने लावला. प्रार्थनाही केली. आणि मला हलके वाटले — विश्वासाने नव्हे. आता मॅनेजरकडे जायला नको, म्हणून.

सुट्टी संपल्यावर दत्ताने विचारले, "झालं का सेन्सरचं?"

मी म्हणालो, "झालं."

त्याच आठवड्यात प्रेस त्याच्या उजव्या हातावर आली. बोटे गेली. बाकीचे त्याला उचलून दवाखान्याकडे धावले. आणि मी? — मी आधी पॅनेलमागे हात घातला आणि क्रूस काढून घेतला. चौकशीत दत्तानेच सांगितले की, साहेबांनी सेन्सर नीट करून घेतला होता. मॅनेजरांनी माझ्याकडे पाहिले. मी मान डोलावली. तपासताना सेन्सर नेमका चालला; दत्ताने कडेने हात घातला असणार, असे ठरले आणि ठपका त्याच्या निष्काळजीपणावर गेला. रविवारी उपासनेत मी साक्ष दिली — परमेश्वराने आमच्या माणसाचा जीव राखला. मंडळी 'आमेन' म्हणाली.

परमेश्वराने! कोणत्या तोंडाने घेतले मी ते नाव? हार घालणारा दत्ता हार घालूनही तक्रार घेऊन आला होता. मी तक्रारीच्या जागी क्रूस डकवला. लोखंडाला हात जोडणारा आमच्यातला कोण? देवावर भरवसा असता, तर भीत भीत का होईना, मी मॅनेजरांच्या केबिनमध्ये गेलो असतो. मला देव नकोच होता. त्याच्या नावाची एक वस्तू हवी होती — जी काही विचारत नाही, कुठे जायला सांगत नाही.

गावी परतण्याआधी दत्ता भेटायला आला. डावा हात पुढे करून म्हणाला, "तुमी तर नीट करून दिलं व्हतं, साहेब. माझंच ध्यान नव्हतं."

मी तो हात हातात घेतला आणि म्हणालो, "जपून राहा."