फुकटचं नत्र

ओंजळीत पाणी घ्यायचं, नाकाशी न्यायचं आणि मग पाण्याकडे न बघता माझ्याकडे बघायचं. "ह्यातून काय काढून घेतलं, साहेब?" काकूंचा हा रोजचा सवाल. पाण्यात काय घातलं, असं विचारणारे तुम्हालाही भेटले असतील. काय काढलं, हे विचारणारी बाई मी एकच पाहिली.

बीड जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात मी पाणी तपासायला होतो. सांडपाणी तळ्यांतून निवळत यायचं, तरी त्यात नत्र उरायचं. मग ते खडीच्या गाळणीतून सोडायचं. खडीवरच्या बुळबुळीत थरातले जिवाणू नत्र खाऊन टाकत. हे पाणी शेजारच्या सभासदांना मिळे. दुष्काळात दुसरं होतंच कुठे? काकू त्या सभासदांपैकीच. त्यांचा मका त्या पाण्यावर आणि त्यांची एकुलती म्हैस त्या मक्यावर.

"नत्र म्हंजी युरियाच ना? आमी इकत आणतो अन् तुमी फुकटचं काढता? कावून? कुठं इकता, सांगा की."

मी परोपरीनं समजावलं. उन्हानं गांजलेला मका जादा नत्र खोडात साठवतो आणि ते जनावराला विषासारखं भिनतं. काकूंनी ऐकून घेतलं आणि गाळणीआधीचा व्हॉल्व्ह गुपचूप फिरवून तळ्याचं पाणी मक्याला लावलं. मला कळलं ते मक्याच्या रंगावरून. सगळं रान करपलेलं आणि तेवढा तुकडा हिरवागार.

धावत गेलो. काकू बांधावर बसल्या होत्या. भारा कापून ठेवलेला, म्हैस दावणीला रेकत होती.

"काकू, घातलं का तिला?"

"न्हाई."

चला, माझं ऐकलं तर, असं मला वाटलं.

"तुमचं ऐकून न्हाई," त्या म्हणाल्या. "माझ्या रानात असं पीक कधी आलं न्हाई. लई चांगलं दिसाया लागलं की मला भ्या वाटतं."

मका तसाच वाळला. म्हैस चारा छावणीत न्यावी लागली, आणि छावणीवाल्यांचा भरवसा नाही म्हणून काकूही तिच्याबरोबर गेल्या. काही दिवसांनी पुतण्याच्या हाती एक बाटली आली. छावणीतल्या टँकरचं पाणी होतं. "त्या साहेबालाच दाव, दुसऱ्या कुणाला देऊ नको," असा निरोप. मला भरून आलं. पाणी चांगलं निघालं. तसं कळवलं, तर उलट निरोप आला, "पुन्यांदा बघा म्हनावं."

काकू छावणीतच तापानं गेल्या. म्हैस पुतण्यानं परत आणली. गाळलेल्या पाण्यावरचा मका टाकला तरी ती आधी हुंगत उभी राहते. पुतण्या वैतागतो. मी म्हणतो, घेऊ दे तिला वेळ.