पाठीचा कौल

दुकानात माझ्याच वयाचा एक गृहस्थ रंगीत दिव्यांच्या गेमिंग लॅपटॉपवर मन लावून गाडी पळवत होता. "घ्या की हाच," त्याची बायको म्हणाली. त्याने लॅपटॉप मिटला, ऑफिसच्या सॅकमध्ये डब्याशेजारी सरकवला आणि सॅक पाठीला लावून दुकानातच एक फेरी मारली. परत येऊन लॅपटॉप काढून ठेवला. शेजारचा पातळ, करडा लॅपटॉप उचलून म्हणाला, "हाच बरा."

हल्ली मन काही ठरवतच नाही. दिवसभर वाहिलेलं पाठीलाच ठाऊक असतं, म्हणून तिलाच विचारायचं.

विक्रेत्याने गेमिंग लॅपटॉप पुन्हा उघडला. त्या गृहस्थाची गाडी अजून रस्त्याच्या मधोमध उभी होती, इंजिन चालू. "सर, तुम्ही बघताय?"

माझा हात खांद्यावरच्या माझ्या सॅकच्या पट्ट्याकडे गेला होता.