निरगुडी तोडण्यास माझी हरकत

आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या सूचनाफलकावर एके दिवशी सकाळी एक कागद लागला : 'आवारातील अनावश्यक झुडपे काढून टाकण्यात येतील व त्या जागी स्कूटरसाठी शेड बांधण्यात येईल.' खाली चिटणीसांची सही. झुडपे असे अनेकवचन होते. आवारात झुडूप एकच होते, पाण्याच्या टाकीमागचे, निरगुडीचे. बाकी सगळी फरशी. ज्याला मारायचे त्याचे नाव न घेता हुकूम काढण्याची ही पद्धत मी न्यायालयाच्या दफ्तरात नोकरी करताना इतकी वर्षे पाहिली होती, की तो कागद वाचताच माझे रक्त तापले. तिथेच उभा राहून मी खिशातल्या पेन्सिलीने 'अनावश्यक' या शब्दाखाली रेघ मारली आणि समासात लिहिले : 'कोणास?'

त्या प्रश्नाचे उत्तर तिसऱ्या मजल्यावर माझ्या घरात बसले होते. माझ्या पत्नीचे दोन्ही गुडघे दोन वर्षांपासून सुजत होते. इमारतीला लिफ्ट नव्हती. आधी तिचा बाजार सुटला, मग देऊळ सुटले, आणि शेवटी शेजारणींशी बोलणेही गॅलरीतून खाली ओरडून होऊ लागले. डॉक्टरांनी वयोमानाकडे बोट दाखवून गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी तिचे पोट जाळले, म्हणून त्या बंद झाल्या. मग सल्लागारांचा जथा घरात शिरला. कोणी तांब्याचे कडे आणले. एका गृहस्थांनी कच्चा बटाटा कनवटीला बांधून तो सुकेपर्यंत वागवायला सांगितले. दुखणे म्हणे बटाट्यात उतरते. "उतरताना पाहिले आहे का?" असे मी विचारले, तेव्हा ते रागावून चहा अर्धा टाकून गेले. वर्सोव्याहून बाटलीतून मुशी माशाचे तेल आले, ते लावल्यावर दोन दिवस समोरच्या बिऱ्हाडाने आपले दार उघडले नाही. वेदनेने त्रासलेल्या माणसाला वाटेल ते चिकटवण्याची ही समाजमान्य परवानगी कोणी दिली, हे मला आजतागायत समजलेले नाही.

निरगुडी मात्र निराळ्या वाटेने आली. ती आणली चिटणीसांच्याच आईने. मालवणच्या बाजूच्या त्या बाई पहिल्या मजल्यावर राहत. स्वतःच्या गुडघ्यांनी बेजार होत्या. एकदा जिना चढून आल्या, धापा टाकत खाली बसल्या आणि पदरातला पाला माझ्या पत्नीपुढे ओतून म्हणाल्या, "गो बाय, तव्यार गरम कर, एरंडेल लाव नि फडक्यान बांधून ठेव. मी काय तुका बरी करतंय म्हणून सांगूक येवंक नाय. रात निजून काढशीत, इतक्याच."

मला ते वाक्य आवडले. त्यात दावा मर्यादित होता.

त्या दिवसापासून सकाळी फिरून येताना टाकीमागून दोन मुठी पाला तोडून आणणे हे माझे काम झाले. तवा तापला की घरभर त्याचा उग्र, कापरासारखा वास सुटे. आठवड्याभराने मी पत्नीची रीतसर उलटतपासणी घेतली.

"फरक आहे?"

"आहे."

"किती?"

"अहो, किती काय किती? गेल्या आठवड्यात भिंत धरून मोरीपर्यंत जात होते. आज धरली नाही. लिहून घ्या हवं तर."

मी लिहून घेतले. निरगुडीने संधिवात बरा होतो असे मी तेव्हाही म्हटले नाही आणि आजही म्हणणार नाही. तिचे गुडघे वाकडे झाले होते ते वाकडेच राहिले. पण भिंत सुटली होती. आणि स्कूटरला ऊन लागू नये म्हणून ती भिंत पुन्हा तिच्या हाताखाली आणण्याचा अधिकार कोणत्याही समितीला नव्हता.

फलकावरच्या त्या कागदाविरुद्ध मी समितीला हरकतीचे पत्र दिले. चिटणीस मला जिन्यात भेटले. पस्तिशीचा, हसतमुख, नव्या स्कूटरचा मालक असलेला माणूस.

"काका, एका झुडपासाठी चार पानं?"

"पाच. पाचवे परिशिष्ट आहे."

"अहो, दुकानात याच्या तेलाची बाटली मिळते ना! झकास काम करते. मी आणून देतो तुम्हाला."

"तेल दुकानात मिळते, तशी स्कूटरही दुकानातच ठेवा."

"तुमच्याशी कोण बोलणार, काका," असे म्हणून ते हसत दोन-दोन पायऱ्या उतरत गेले. त्यांचे ते दोन-दोन पायऱ्या उतरणे मला त्यांच्या या उत्तराइतकेच उद्धट वाटले.

दुसरे पत्र मी महापालिकेच्या वृक्षांच्या खात्याला लिहिले. परवानगीवाचून झाड तोडणे हा गुन्हा आहे, हे मला ठाऊक होते. आश्चर्य असे की एक निरीक्षक खरोखरच आले. त्यांनी टाकीमागे वाकून टेप लावली, प्रत्येक काटकी बोटांत धरून पाहिली आणि उठून हात झटकले.

"आजोबा, कायद्यात झाडाला खोड लागतं. अमुक एक जाडीचं. याला खोडच नाही, नुसत्या काटक्या. हे झुडूप आहे, आणि झुडपाला कायदा नाही."

"मग खोड का नाही?"

"कोणीतरी रोज ओरबाडतंय ना. एकच फांदी राखा, बाकीच्या छाटा, पाला तोडू नका. एक-दोन पावसाळ्यांत बसेल कायद्यात."

जन्मभर कायद्याच्या सावलीत बसलेल्या माणसाला याहून गोड वाक्य कोणते असणार? महापालिकेचा माणूस आवारात येऊन गेला या एकाच गोष्टीने समितीने शेडचा विषय दिवाळीनंतरवर ढकलला. मिळालेल्या मुदतीत झुडपाचे झाड करायचे मी ठरवले. एक फांदी निवडून ती बांबूला बांधली, बाकीच्या कात्रीने छाटल्या, रोज दोन बादल्या पाणी घातले. दर रविवारी पत्नीच्या शिवणाच्या टेपने मी जाडी मोजत असे. आणि टाकीवर पाटी लावली : 'पाला तोडण्यास सक्त मनाई. प्रकरण न्यायप्रविष्ट आहे.' कोणत्याही न्यायालयात ते प्रविष्ट नव्हते. ही माझ्या हयातीतली एकमेव खोटी नोंद.

मनाई सर्वांना होती, म्हणजे घरालाही. पत्नीला मी दुकानातली तेलाची बाटली आणून दिली. ते तेल तिने गुडघ्यांना चोळले. दुसऱ्या आठवड्यात तिचा हात पुन्हा भिंतीवर आला. मी ते पाहिले. पाहिले नाही असे म्हणण्याची सोय मी स्वतःला देणार नाही. पाहिले, आणि माझ्या वहीत 'तात्पुरती गैरसोय' असे लिहिले. चिटणीसांनी 'अनावश्यक' लिहिले होते. माझा शब्द त्याहून फार बरा होता असे मला आज वाटत नाही.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी टेप घेऊन मी खाली निघालो, तेव्हा ती खुर्चीतूनच म्हणाली, "किती वाढलं?"

"दोन सूत तरी वाढले असेल. कळ काढ थोडी."

"माझे गुडघे तारखेवर टाकलेत तुम्ही."

"अगं, झाड वाचले तर गुडघेही वाचतील."

"झाड कोणाला हवं होतं? मला पाला हवा होता. तो तुम्हीच बंद केलात. त्या स्कूटरवाल्याने अजून एक पानसुद्धा तोडलेलं नाही."

मी टेप गुंडाळून खिशात ठेवली, पण पाटी काढली नाही. हट्ट माझा जुना आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जागा झालो तेव्हा घराचे दार उघडे होते आणि खुंटीवरची कापडी पिशवी नव्हती. गॅलरीत जाऊन पाहिले, तर ती टाकीच्या कट्ट्यावर, माझ्या पाटीच्या बरोबर खाली बसून, बांबूला बांधलेल्या माझ्या फांदीचा पाला ओरबाडत होती. कित्येक महिन्यांनी ती जमिनीवर उतरली होती. शेजारी चिटणीसांच्या आई होत्या. दोघी कशाला तरी हसत होत्या, बहुधा पाटीला. मी धावत खाली गेलो.

"वर नेतो, हात दे."

"हात नको. पाटी काढा."

मी पाटी काढली. ती वर आली ती प्रत्येक वळणावर बसत, माझ्या खांद्याला स्पर्शही न करता.

दिवाळी झाली. एका सकाळी चिटणीस कोयतेवाल्याला घेऊन टाकीमागे हजर झाले. मी फाइल घेऊन उतरलो आणि वहिवाटीचा मुद्दा मांडला : इमारतीच्या पायाचा दगड पडण्यापूर्वीपासून शेजारच्या गावठाणातल्या बायका इथून पाला नेत आल्या आहेत. चिटणीसांनी शांतपणे विचारले, "काका, कागद?" माझ्याकडे कागद नव्हता. आयुष्यात प्रथमच माझ्या फाइलमध्ये माझ्या बाजूचे एकही पान नव्हते. त्यांच्या हातात मात्र निरीक्षकांचा शेरा होता : झुडूप.

"चल रे, घे," ते कोयतेवाल्याला म्हणाले.

पण झुडपापुढे दोघी जणी पिशव्या घेऊन बसल्या होत्या, आणि पाला तोडणे थांबले नव्हते.

"आये, बाजूला हो."

"मी कित्याक बाजूक होव? माझो पालो काढून झालो नाय अजून."

"आये, लोक बघतायत."

"बघू देत. तुझ्या स्कूटरीक गुडघे आसत काय रे?"

गॅलऱ्यांतून हशा उठला. माझी पत्नी वर न पाहता म्हणाली, "आम्हाला वेळ लागेल हो, बोटं पण दुखतात आमची." कोयतेवाला कट्ट्यावर टेकला आणि त्याने विडी पेटवली. त्या दिवशी पाला काढून व्हायला जेवणाची वेळ झाली. कोयतेवाला आणखी दोनदा आला. दोन्ही वेळा त्या त्याच्या आधी येऊन बसलेल्या होत्या. मग तो आला नाही. शेड झाली नाही. स्कूटर प्लास्टिक पांघरून उघड्यावर उभी राहू लागली, आणि तिच्याबद्दल मला यत्किंचितही दुःख झाले नाही.

त्यानंतर मी महापालिकेला शेवटचे पत्र लिहिले : सदर वनस्पती वृक्ष असल्याचे माझे पूर्वीचे म्हणणे मी मागे घेत आहे. ते झुडूप आहे. ते रोज ओरबाडले जाते, त्यामुळे त्यास खोड येणार नाही, आणि येऊ दिले जाणार नाही. आपला कायदा त्यास संरक्षण देत नाही, ही उणीव कायद्याची आहे, झुडपाची नव्हे. ते तोडण्यास माझी हरकत कायम आहे. प्रत समितीस.

पाकीट चिकटवून मी सवयीने खुंटीवरच्या पिशवीकडे हात नेला.

"ठेवा ती," पत्नी म्हणाली. "तुम्ही पत्र टाकून या. पाल्याचं मी बघते."

आणि दोन्ही पाय एकेका पायरीवर टेकवत ती माझ्यापुढे उतरू लागली. तीन मजले मी तिच्या मागून, तिच्याच चालीने उतरलो. घाई करण्यास मला कोणताही आधार नव्हता.