बुवांच्या खोलीत जॅझ-फंक

किस्से जमवावे लागत नाहीत. एक खोली, एक टेपरेकॉर्डर आणि सात माणसांची आठ मतं एवढं असलं, की ते आपोआप साचतात.

त्र्याऐंशी साली मी अमेरिकेतलं शिक्षण आटोपून रत्नागिरीला परतलो, तो एकच ध्यास घेऊन. आपल्या लोकांनी जगभरचं संगीत ऐकलंच पाहिजे! बॅगेत एका कीबोर्डवाल्याची जॅझ-फंक फ्यूजनची कॅसेट होती, गाणं नाही, नुसती वाद्यं. खोली आणि टेपरेकॉर्डर मात्र आमच्या आळीतल्या भजनी मंडळाचे. मंडळाचे बुवा म्हणाले, "तीन रविवार दुपारी ऐकव. तिसऱ्याला मी काय ते सांगेन. पसंत पडलं तर दर रविवार तुझा. नाय पडलं, तर कॅसेट ट्रंकेत आणि तू झांजा घे हातात!"

* * *

पहिल्या रविवारी कॅसेट लावून मी उभा राहिलो आणि समजावू लागलो. संगीताला भाषा नसते, शब्दांची गरजच नसते, वगैरे. वीसेक मिनिटं झाली असतील.

आमचे पखवाजवाले गंगारामदादा हळूच म्हणाले, "मग तू मघापासून काय करतोयस?"

* * *

बुवांची बायको, म्हणजे आमच्या काकी, चहा घेऊन आल्या. दारात उभ्या राहून कॅसेटची एक अख्खी बाजू त्यांनी मन लावून ऐकली. मला वाटलं, जिंकलो!

काकी बुवांच्या कानाशी वाकल्या. "गाणारा आला नाय वाटतं आज?"

* * *

दुसऱ्या रविवारी कीबोर्ड आणि बेस गिटारची सवाल-जवाबासारखी जुगलबंदी लागली. आमच्याकडे डबलबारीच्या भजनात दोन बुवा समोरासमोर भिडतात आणि गाव दोन्हीकडे वाटला जातो. इथेही तेच! खिडकीकडचे बेसवाल्याचे झाले, दाराकडचे कीबोर्डवाल्याचे. "आता दे उत्तर, दे!" अशा आरोळ्या सुरू.

मी कॅसेट थांबवून सांगितलं, "अहो, यात कुणी जिंकत नाही!"

गंगारामदादा चिडले. "मग भांडतायत कशाला मेले?"

* * *

बुवा स्वतः पेटी वाजवायचे. त्यांना एकच शंका होती. "या कीबोर्डचा भाता कोण मारतो?"

"भाता नसतोच बुवा."

"मग डाव्या हाताने काय करतो तो?"

"दुसरा कीबोर्ड वाजवतो!"

बुवांनी आपला डावा हात समोर धरला आणि बराच वेळ पाहिला. "म्हणजे हा चाळीस वर्षं नुसता वारा घालतोय!"

* * *

तिसरा रविवार. मला रात्रभर झोप नव्हती. कॅसेटकडे कुणाचं लक्ष नव्हतं, सगळे बुवांचं तोंड बघत होते. बुवा डोळे मिटून बसलेले. कपाळावर आठी. ती पसंतीची की रागाची, कळेना.

कीबोर्डवाला एकटाच वाजवत लांब लांब निघाला होता. परत कुठून येणार, याचा पत्ताच लागत नव्हता. आणि नेमकी लाइट गेली! टेप घोगरा आवाज काढून थांबला.

संपलंच सगळं. मी कॅसेट काढायला हात पुढे केला. गंगारामदादा गुडघ्यावर हात टेकून उठले, बाकीचे चपला शोधायला लागले.

बुवा डोळे न उघडता कडाडले, "बसा खाली! तो अजून समेवर आला नाय!"

सगळे बसले.

लाइट दीड तासाने आली.