ओल्या फिल्मची काच

सीमाभागात आंदोलन पेटलेल्या त्या उन्हाळ्यात माझी वहिनी बाळंतपणात अडली आणि निपाणीच्या डॉक्टरांनी तिला बेळगावला न्यायला सांगितलं. एकच टॅक्सीवाला यायला तयार झाला. त्याचं नाव मला आजही ठाऊक नाही. नव्या सीटा उन्हानं तडकू नयेत म्हणून त्यानं त्याच सकाळी काचांना ऊन अडवणारी काळसर फिल्म चिकटवली होती.

"काच खाली करू नका, आक्का. फिल्म ओली हाय, सुरकुतंल," त्यानं बजावलं. गाडी चालवता चालवता तो शेजारच्या काचेवरचा बुडबुडा अंगठ्यानं कडेला सारायचा. आत भट्टी झाली होती. वहिनी कण्हत होती आणि मला त्याचा लई राग येत होता.

संकेश्वर सोडल्यावर जमावानं गाडी अडवली. फिल्मवर ऊन चकाकत होतं, बाहेरून आतलं दिसत नव्हतं.

"आत कोण साहेब बसलाय?" कुणीतरी ओरडलं. एकानं दगड उचलला.

टॅक्सीवाल्यानं आपली काच खाली केली, मग मागं हात घालून वहिनीच्या बाजूचीही. फिल्म चुरगळून लोंबू लागली.

"बघा की. बाई अडलीया," तो म्हणाला. तेच त्यानं कन्नडमध्येही सांगितलं.

दगडवाला डोकावला आणि मागं सरला. वाट मिळाली.

बेळगावात मुलगी झाली. सांगायला बाहेर आले, तर तो उरलेली फिल्म नखानं सोलत होता.

"दोघी बऱ्या हायत न्हवं?"

"व्हय. आज हितंच ऱ्हावा, अण्णा. परत तोच रस्ता हाय."

"आता त्यांनी माझं तोंड बघितलंय की, वळखतील," तो म्हणाला आणि चारही काचा खाली घेऊन निपाणीच्या वाटेला लागला.